आंतरराष्ट्रीय नद्यांवरचा हायड्रॉलिक इंजिनिअर: नेमकं काम काय असतं, आणि त्यात आयुष्य घालावं का?

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते इथे मांडते.

मी स्थापत्य शाखेची, एम.टेक. हायड्रॉलिक्समध्ये. पुण्यात एका सल्लागार कंपनीत पूररेषा आखण्याचं काम करते. नदीचे आडवे छेद भरायचे, मॅनिंगचा एन म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा ठरवायचा, मॉडेल चालवायचं आणि नकाशावर निळी-लाल रेषा ओढायची. काम आवडतं, पण दिवसचे दिवस नदीचं तोंड दिसत नाही.

आता मेकाँगच्या खालच्या खोऱ्यातल्या एका अभ्यासासाठी विचारणा झाली आहे. मुक्काम व्हिएन्तियानला, म्हणजे लाओसमध्ये. करार ठरावीक मुदतीचा, पुढे वाढेल किंवा नाही वाढणार. बाबा म्हणतात, जलसंपदा विभागाची परीक्षा दे आणि इथेच राहा. सासूबाई म्हणतात, जा, आम्ही आहोत.

पैशांपेक्षा मला दुसरंच विचारायचं आहे. एक नदी चार-पाच देशांतून वाहते, धरण कुठे बांधायचं ते मंत्री आणि बँका ठरवतात, मग तिथल्या इंजिनिअरच्या हातात उरतं काय? माझी समजूत अशी की तो दुसऱ्यांच्या निर्णयांना आकडे पुरवतो, बस्स. ही समजूत चुकीची असेल तर खोडून काढा. अशा कामात राहिलेल्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

खट्याळ_काका
मुठेला वाऱ्यावर सोडून मेकाँगकडे निघालात होय! गंमत बाजूला, अभिनंदन. जाणकार येतीलच, मी पुढच्या बाकावर बसून घेतो.

गोदातीरी
ताई, मी जलसंपदातून निवृत्त झालोय. परदेशात काम केलेलं नाही, पण कृष्णेच्या पाणीवाटपाची कागदपत्रं तयार करण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून लिहितो. आंतरराज्य नदी आणि आंतरराष्ट्रीय नदी यांत कायदा वेगळा असतो, भांडण तेच असतं. बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे चारपैकी तीन वर्षं तरी मिळेल असं, २०६० टीएमसी पाणी धरलं आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८०० असं वाटलं. हा २०६० चा आकडा जुन्या विसर्गनोंदींतून आला. त्या नोंदी करणारा मोजणीदार भर पावसात पातळीपट्टी वाचायला उतरला नसता, तर लवादापुढे वकिलांनी वाद कशावर घातला असता? आकडे पुरवणं हे दुय्यम काम आहे असं मनात आणू नका.

आपल्याकडून बाहेर जाऊन काम करण्याची परंपराही जुनी आहे. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून शिकले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. याच नोकरीत त्यांनी सिंधूकाठच्या सक्करची पाणीयोजना केली आणि १९०६ मध्ये एडनला पाणीपुरवठा व सांडपाण्याच्या कामासाठी गेले. अलीकडचं उदाहरण माधवराव चितळ्यांचं. केंद्रात जलसंपदा सचिव, १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार, मग आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाचे महासचिव. त्यांची सुरुवातही महाराष्ट्राच्या पाटबंधाऱ्यांतूनच झाली. म्हणून बाबांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. खात्यात आधी काही वर्षं घासून मग बाहेर पडणारा माणूस जास्त टिकतो, असं माझं मत आहे.

डेल्फ्टवासी
गोदातीरी काकांच्या शेवटच्या वाक्याशी असहमत. खात्यात शिरलेला माणूस बदल्या, निविदा आणि विधानसभेच्या तारांकित प्रश्नांत अडकतो. माझ्या बरोबरीचे हुशार लोक तसेच अडकले. बाकी प्रतिसादाला +१.

अवांतर: खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ ची. तिथे नदीच्या वळणांवर आणि गाळावर काम केलेले क्लॉड इंग्लिस पुढे इंग्लंडमधल्या हायड्रॉलिक्स रिसर्च स्टेशनचे पहिले संचालक झाले. म्हणजे या विषयातली विद्या एके काळी पुण्याहून तिकडे गेली आहे. इथे डेल्फ्टला वर्गात हे सांगितलं की पोरं चकित होतात.

पद्मापार
मी बांगलादेशात जमुना आणि पद्मेवर काम केलंय. (आपली ब्रह्मपुत्रा तिथे जमुना होते.) मुठाकाठचीताईंनी विचारलंय की हातात उरतं काय. एक दिवस कसा जातो ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पहाटे होडीला एडीसीपी बांधायचा. हे यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडून वेग मोजतं. होडी या काठाहून त्या काठाला न्यायची, मधे चर म्हणजे वाळूची बेटं. कालचं बेट आज जागेवर असेलच असं नाही. आता गोम अशी की स्वतःची होडी किती सरकली हे यंत्र तळावरून परत आलेल्या लहरींवरून ठरवतं. पुरात तळाची वाळूच खाली वाहत असते. यंत्राला वाटतं तळ स्थिर आहे आणि होडीच वर, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, चालली आहे, त्यामुळे पाण्याचा वेग खरा असतो त्यापेक्षा कमी लागतो. पडद्यावर सगळं हिरवं दिसतं, फाइल व्यवस्थित साठते आणि विसर्ग कमी नोंदला जातो. म्हणून आधी नांगर टाकून होडी उभी करायची आणि यंत्र तिला 'वर सरकतेय' म्हणतं का ते पाहायचं. म्हणत असेल तर तळाचा भरवसा सोडून जीपीएस घ्यायचं. आमच्याबरोबरचा म्हातारा नावाडी दोरीला लागणारा हिसका पाहूनच सांगायचा की आज खाली वाळू पळतेय. यंत्राने नंतर तेच सांगितलं की आमच्यातल्या नव्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होत.

याचा उपयोग काय? २०२२ मध्ये सुरू झालेला पद्मा पूल घ्या. लांबी ६.१५ किमी, पण खरी कहाणी पाण्याखाली आहे. पुरात ही नदी तळ इतका खोल खरवडते की खांबांचे पोलादी पाइल १२० मीटरच्या आसपास खोल ठोकावे लागले. खरवड किती धरायची हे ठरवणारा माणूस हायड्रॉलिक इंजिनिअर असतो. तो चुकला तर वरचा सगळा पूल चुकला.

कोयनाखोरे
सगळं छान चाललंय, पण 'नदी विकास' म्हटलं की आमच्या घरात वेगळं काही आठवतं. आमच्या आजोबांचं गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. त्या धरणाच्या विजेवर महाराष्ट्र उजळला हे खरं, आणि पुनर्वसनासाठी आमच्या लोकांना पुढे पिढ्यानपिढ्या खेटे घालावे लागले हेही खरं. इंजिनिअरांनी विसर्ग बिनचूक मोजला असेल. माणसं मोजली का?

सरदार सरोवराच्या वेळी जागतिक बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ चा मोर्स समितीचा अहवाल बँकेलाच अडचणीचा ठरला आणि पुढच्या वर्षी भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. मग जागतिक धरण आयोग बसला. त्यात मेधा पाटकर होत्या आणि मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे माजी अध्यक्षही होते. २००० साली सगळ्यांनी मिळून अहवाल दिला, आणि आपल्या सरकारने तो मानला नाही. ताई, तुम्ही जिथे जाताय तिथे हेच चाललेलं असणार. जा जरूर, पण कुणाच्या बाजूने मोजायला जाताय ते आधी विचारून घ्या.

गोदातीरी
@कोयनाखोरे, तुमचं दुःख मी खोटं म्हणणार नाही. कोयनेच्या पुनर्वसनाच्या फायली मी पाहिल्या आहेत. पण मोजणारा कुणाच्या बाजूचा नसतो. तसा तो झाला तर दोन्ही बाजू त्याचा आकडा फेकून देतात.

कोयनाखोरे
काका, तसं असतं तर बरं होतं. काय मोजायचं आणि काय सोडायचं हे कुणीतरी ठरवतंच. मासेमारीवर जगणाऱ्या घराचं उत्पन्न कुठल्या विसर्गनोंदीत येतं?

वाचनवेडी
या दोघांच्या वादाला जुनी साक्ष आहे. विल्यम विलकॉक्स. जन्म भारतातला, शिक्षण रुरकीचं, मग इजिप्तमध्ये नाईलवर. आस्वानचं पहिलं धरण (१८९८ ते १९०२) त्यांच्या आराखड्याचं, त्यानंतर मेसोपोटेमियात युफ्रेटिसवरचा हिंदिया बंधारा. इतकं मोठं नाव, पण नाईलवरच्या पुढच्या योजनांचे आकडे फिरवले आहेत असा आरोप त्यांनी आपल्याच सरकारी सहकाऱ्यावर केला आणि १९२१ मध्ये बदनामीच्या खटल्यात दोषी ठरले. १९३० मध्ये, उतारवयात, कलकत्त्यात व्याख्याने देऊन सांगितलं की बंगालची जुनी पूरसिंचनाची पद्धत शहाणपणाची होती आणि बांध घालून ती मोडणं ही चूक झाली. आयुष्य बांधकामात घालवलेला माणूस हे म्हणतो! आकडा किती जिव्हारी लागू शकतो हे या माणसाकडून कळतं, मग तो स्वतः बरोबर असो वा नसो.

दुसरं नाव हॅरोल्ड हर्स्ट. १९०६ मध्ये इजिप्तला गेले आणि उभं आयुष्य नाईलला दिलं. तिकडे त्यांना 'अबू नील', म्हणजे नाईलचा पिता, म्हणत. कैरोच्या रोडा बेटावरच्या नाइलमापकात शेकडो वर्षांच्या पातळ्या नोंदलेल्या आहेत. त्या चाळताना त्यांना दिसलं की कोरडी वर्षं सुटी येत नाहीत, घोळक्याने येतात. निव्वळ योगायोगाने यावीत त्यापेक्षा जास्त. म्हणजे एका दुष्काळापुरता साठा पुरणार नाही, पिढ्यांचा हिशेब धरून साठवण हवी. आस्वानच्या उच्च धरणामागे हा विचार आहे. या घोळक्याचं माप म्हणजे 'हर्स्ट घातांक' आज शेअर बाजारवालेही वापरतात, पण तो जन्मला नदीकाठी.

खट्याळ_काका
घोळक्याने येणारी कोरडी वर्षं आम्हा माणदेशच्या लोकांना नाइलमापकाशिवायही माहीत आहेत हो! पण आडनावाचा घातांक होणं भारीच. वाचनवेडीताई, यावर वेगळा धागा काढा.

प्रश्नचिन्ह
प्रामाणिक शंका. आता उपग्रहातून सगळं दिसतं. २०२२ च्या डिसेंबरात सोडलेला स्वॉट उपग्रह १०० मीटरहून रुंद नद्यांची पातळी आणि उतार अवकाशातून मोजतो. मग होडीत बसून भिजायला माणूस कशाला हवा? या क्षेत्रात पुढची तीस वर्षं कामं राहतील का?

डेल्फ्टवासी
राहतील. उपग्रहाला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, तळ दिसत नाही. विसर्ग काढायचा तर तळाचा छेद आणि खडबडीतपणा धरावा लागतो, आणि तो आधी कुणीतरी जमिनीवर मोजलेला असतो. शिवाय उपग्रह काही दिवसांच्या अंतराने त्याच जागी येतो. पुराचा माथा त्याची वाट पाहत थांबत नाही. पण प्रश्न योग्य आहे: ज्यांना फक्त मॉडेल चालवता येतं त्यांच्या नोकऱ्या खरंच धोक्यात आहेत.

सिंधुसागर
इंजिनिअरच्या हातात काय उरतं यावर सिंधूचं उदाहरण आलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

१९६० चा सिंधू जलकरार दोन्ही देशांच्या आणि जागतिक बँकेच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं एका टेबलावर बसून घडवला. आपल्या बाजूने निरंजनदास गुल्हाटी, बँकेकडून जनरल व्हीलर. करारात प्रत्येक देशाचा एक आयुक्त आहे आणि तो सर्वसाधारणपणे जलविज्ञान व पाणीवापरात जाणता असा वरिष्ठ इंजिनिअर असावा, असं कलमातच लिहिलंय. १९६५, १९७१, कारगिल, सगळ्यांतून ही यंत्रणा टिकली. पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित ठेवला, ते राजकारण इथे नको. मला तांत्रिक बाजू सांगायची आहे.

चिनाबवरची आपली सलाल आणि बगलिहार ही दोन धरणं घ्या. सलालच्या वेळी पाकिस्तानचा आक्षेप होता की खालची दारं उघडून-मिटून भारत पाणी अडवेल किंवा एकदम सोडेल. १९७८ च्या समझोत्यात आपण गाळ सोडणारी तळाची दारं बंद करायला मान्यता दिली. वाटाघाट सुटली आणि धरण गाळाने भरलं. हिमालयातली नदी, गाळ किती येतो हे इंजिनिअरांना ठाऊक होतं, पण त्यांचं म्हणणं टेबलावर हरलं. बगलिहारच्या वेळी वाद तटस्थ तज्ज्ञाकडे गेला. स्विस इंजिनिअर रेमंड लाफित यांनी २००७ च्या निकालात फ्रीबोर्ड (पाण्याच्या पातळीपासून धरणमाथ्यापर्यंतचं अंतर) दीड मीटरने कमी करायला लावला, साठाही ३७.५ वरून ३२.५६ दशलक्ष घनमीटरवर आणला. मात्र गाळ काढण्यासाठी खोलवर दारं असणं हे आजच्या विज्ञानाला धरून आहे असा कौल दिला. दोन्ही निर्णयांत तीस वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात जगभरच्या धरणांतल्या गाळाचा अभ्यास झाला, म्हणून लाफित यांना तसं लिहिता आलं. आकडे पुरवणारा माणूस निर्णय फिरवू शकतो, फक्त कधीकधी त्याला तीस वर्षं लागतात.

गोदातीरी
सिंधुसागर, उत्तम प्रतिसाद. सलालची गाळाची कहाणी नव्या अभियंत्यांच्या प्रशिक्षणात सांगायला हवी. वाचनखूण साठवली.

तीस्ताकाठ
गाळावरून कोसी. १९५४ चा नेपाळशी करार, भीमनगरचा बराज, दोन्ही काठांना तटबंध. तटबंधांच्या मधे गाळ साचत तळ उंचावत गेला. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहाजवळ तटबंध फुटला तेव्हा नदीत सुमारे १ लाख ४४ हजार क्युसेक पाणी होतं, आणि रचना साडेनऊ लाखांसाठी होती! पूर मोठा नव्हता, बांध आतून खाल्ला गेला होता. दुरुस्ती भारताची, जमीन नेपाळची, आणि दोघांच्या मधे ठोकर म्हणजे स्पर (प्रवाह तटबंधापासून दूर लोटणारा आडवा बांध) रोज खचत होता. बिहारमधली लाखो माणसं बेघर झाली. त्या भागात मदतकार्याला गेलो होतो. शेतात गाळाचा थर होता आणि त्यात एका हातपंपाचं फक्त तोंड वर दिसत होतं.

आंतरराष्ट्रीय नदीवर जाणाऱ्याने देखभाल कुणाकडे हे पहिल्या दिवशी विचारावं. नव्या बांधकामाला पैसे देणारे सापडतात, जुना स्पर दगडांनी भरायला सापडत नाहीत.

सोनचाफा
बायकांसाठी साइटवर कसं असतं हे कुणी लिहीलं नाही. मी दोन देशांत सर्वेक्षणाला गेले. होडीवर दिवसभर आडोसा नसतो. आधीच ठरवून काठावरच्या एखाद्या घरी थांबायची सोय करून घ्या, दुभाषी शक्यतो बाई मागा. बाई दुभाषी असली की गावातल्या बायका बोलतात, आणि पुराचं पाणी घरात कुठवर आलं होतं हे त्यांनाच नेमकं माहीत असतं. धान्याची कणगी कुठवर भिजली हे त्या हाताने दाखवतात. माझ्या मॉडेलची पडताळणी अशा खुणांवर झाली आहे. @कोयनाखोरे, तुमचा प्रश्न मला इथेच भेटला: बायकांना विचारलं नसतं तर त्या खुणा नोंदीत आल्याच नसत्या.

कोयनाखोरे
सोनचाफाताई, हे पटलं. असं मोजणार असाल तर माझी तक्रार नाही.

व्हिएन्तियानकर
उशिरा पाहिला धागा. मी मेकाँगवर आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो.

मेकाँग समिती १९५७ ची: थायलंड, लाओस, कंबोडिया आणि दक्षिण व्हिएतनाम. सुरुवातीलाच जनरल व्हीलर, वर सिंधूच्या संदर्भात आलेले तेच, पाहणीला आले आणि त्यांनी सांगितलं की धरणांच्या आधी मोजा: पाऊस, पातळी, नकाशे. आपले कंवर सेन, राजस्थान कालव्याचे, हेसुद्धा संयुक्त राष्ट्रांच्या वतीने इथे काम करून गेले. राजनैतिक संबंध तुटलेले देशही या समितीत एकत्र बसत राहिले. १९६६ चा मॅगसेसे पुरस्कार समितीला मिळाला तो याचसाठी. आजचा आयोग १९९५ च्या कराराचा. त्याला नकाराधिकार नाही. एखाद्या देशाने मुख्य प्रवाहावर धरण बांधायचं तर आधी बाकीच्यांशी सल्लामसलत करायची, एवढंच. लाओसमधल्या झायाबुरी धरणावर मोठा वाद झाला, तरी ते बांधलं गेलं आणि २०१९ मध्ये सुरू झालं. मात्र त्या वादामुळे माशांच्या वाटा आणि गाळाच्या दारांत बदल करावे लागले. कमी वाटेल, पण नदीला आणि मच्छीमारांना त्याने फरक पडतो. चीन सदस्य नाही. वरच्या धरणांची माहिती तो आधी फक्त पावसाळ्यात द्यायचा, २०२० मध्ये वर्षभर द्यायला तयार झाला. मागणी किती वर्षांची होती हे इथल्या जुन्या लोकांना विचारा.

आणि तोनले साप! कंबोडियातलं सरोवर. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहते. अडीच हजार चौरस किमीचं पाणी पंधरा हजारांपर्यंत पसरतं, आणि कंबोडियाची मासळी त्यावर जगते. तिथे पातळीवरून विसर्ग काढायची आपली नेहमीची वक्ररेषा चालत नाही. तीच पातळी जूनमध्ये एका दिशेचा प्रवाह सांगते, नोव्हेंबरात दुसऱ्या. दोन ठिकाणच्या पातळ्यांतला फरक धरावा लागतो. पुण्यातल्या पूररेषांवर हात बसलेल्या इंजिनिअरला हे पाहून नव्याने शिकावं लागतं, आणि मजा येते.

आता व्यवहार. करार माणूस-महिन्यांवर, म्हणजे एका माणसाच्या किती महिन्यांचं काम यावर, असतो. दोन करारांच्या मधे रिकामे महिने जातात, त्यासाठी गाठीशी पैसे ठेवा. निवृत्तिवेतन नाही. घरच्यांना वर्षभर नेता येईल का ते आधी ठरवा. आणि एक करून घ्याच: कामाच्या व्याप्तीत एक पूर्ण पावसाळा मोजणी पथकाबरोबर काढायचा हे लिहून घ्या. बरेच जण कोरड्या दिवसांत येतात, अहवाल लिहितात आणि जातात. त्यांचं नाव इथे कुणाला आठवत नाही.

खट्याळ_काका
शाकाहारी आहात का ताई? तिथे माशाच्या सॉसशिवाय पालेभाजीही होत नाही म्हणे.

व्हिएन्तियानकर
खरं आहे. पण भात चिकट आणि गोडसर असतो, भाजीबाजार सुंदर आहे. डाळ आणि गोडा मसाला बरोबर आणा.

मुठाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण धागा बाबांना वाचून दाखवला. सलाल आणि बगलिहार ते दोनदा वाचायला लावत होते. 'आकडे पुरवतो, बस्स' हे माझं मत बदललं आहे. आकडा कुठून येतो, कोण मोजतो आणि काय मोजायचं राहून जातं, इथेच खरं काम आहे असं आता दिसतंय. कोयनाखोरे यांचा प्रश्न मी मुलाखतीत विचारणार आहे: मच्छीमार कुटुंबांची पाहणी करणारा गट आमच्याबरोबर असेल का, आणि त्यांची माहिती आमच्या मॉडेलला जोडली जाईल का. पावसाळ्याची अट कालच लिहून पाठवली. उत्तर आलं की इथेच कळवते.

पद्मापार, एक राहिलं. नांगर टाकून तळ सरकतोय का पाहायचं, तर होडी किती वेळ स्थिर ठेवायची?

पद्मापार
निदान दहा मिनिटं ठेवा. त्याहून कमी वेळात होडीचं डुलणं आणि वाळूचं सरकणं वेगळं काढता येत नाही. प्रत्येक मोजणीच्या आधी करा, सकाळी एकदा केलं म्हणून दुपारी सोडू नका. आणि नांगराची दोरी धरणारा माणूस स्थानिकच घ्या.